पत्त्यांच्या कारखान्यातला मेस्त्री

१८८९ साली कोल्हापुरात अजून आगगाडी आली नव्हती. मिरजेहून येणारा लोहमार्ग सुरू झाला १८९१ मध्ये. शाहू महाराज पंधरा वर्षांचे होते, शिकत होते. राज्यकारभार हाती यायला पाच वर्षे बाकी होती. त्याच साली २३ सप्टेंबरला जपानच्या जुन्या राजधानीत, क्योटोत, फुसाजिरो यामाउची नावाच्या एका माणसाने हाताने पत्ते तयार करून विकायला सुरुवात केली. त्याच्या दुकानाचे नाव निन्टेंडो.

पुढे शंभर वर्षांनी आपल्याकडे टीव्हीला जोडायचे खेळ आले. काळे यंत्र, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. ज्यांच्या घरी ते यंत्र होते त्यांच्याकडे मे महिन्यात गल्लीतली सगळी पोरे जमायची. ज्यांच्याकडे नव्हते ती तासाच्या हिशेबाने पैसे मोजून दुकानात खेळायची. त्या यंत्रांवर निन्टेंडोचे नाव नसे, कारण ती बहुतेक सगळी नक्कल होती. पण आतला मारिओ क्योटोचा, बंदुकीने टिपायची बदकेही क्योटोचीच. महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत एका पिढीने या कंपनीचा माल मनसोक्त खेळला आणि तिचे नावही तिला ठाऊक नव्हते.

या कंपनीचा इतिहास सहसा विक्रीच्या आकड्यांनी सांगितला जातो. आकडे मोठे आहेतच. पण कोल्हापूरच्या माणसाने तो मेस्त्रीच्या बाकावरून पाहावा असे मला वाटते. ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा घरी बनला, ज्या उद्यमनगरात लेथवर उभे राहून शिकलेल्यांनी ऑइल इंजिने तयार केली, त्या गावाला निन्टेंडोचे खरे मर्म कळायला जड जाणार नाही.

जपानच्या पत्त्यांच्या कथेचा एक धागा आपल्या शेजारून जातो. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात पक्के झाले आणि १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. पुढे नागासाकीचा व्यापार उभा राहिला, तेव्हा त्यांची जहाजे गोव्याहून निघत आणि मलाक्का, मकाव करत तिकडे पोचत. बंदुका, ख्रिस्ती धर्म आणि तंबाखूबरोबर खलाशांच्या खिशातले पत्तेही जपानात उतरले. जपानी लोकांना ते इतके आवडले की सोळावे शतक संपायच्या आत तिथे देशी पत्ते बनू लागले. त्यांच्यावर जुगार होतो म्हणून राज्यकर्ते बंदी घालत. कारागीर चित्रे बदलून नवा पत्ता काढत. मग त्यावरही बंदी येई. या लपंडावातून शेवटी एक असा पत्ता जन्मला की ज्यावर आकडाच नाही. बारा महिन्यांची बारा झाडे-फुले, प्रत्येकाची चार पाने, एकूण अठ्ठेचाळीस. जानेवारीला पाइन, मार्चला चेरीचा मोहोर, ऑगस्टला गवताच्या टेकडीवरचा चंद्र. याला हानाफुदा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मेइजी सरकारच्या काळात, या पत्त्यांवरची बंदी सैल झाली आणि फुसाजिरोने नेमकी ती वेळ साधली.

त्याचा माल चांगला होता. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, थरावर थर चिकटवून कडक केलेला, वर रंग भरलेली चित्रे. 'दाइतोरयो' या त्याच्या नामांकित जोडीच्या वेष्टणावर नेपोलियनचे चित्र असे. जुगाराच्या अड्ड्यांवर खुणा केलेले पान चालू नये म्हणून दर बैठकीला कोरी जोडी फोडत, त्यामुळे खप अखंड राहिला.

आता आंबोली घाट उतरून सावंतवाडीला येऊ. तिथेही चितारी मंडळी हाताने पत्ते करत होती: गोल आकाराचा गंजिफा. हा पोर्तुगीजांचा नव्हे. तो इराणकडून मोगलांबरोबर आला. बाबराच्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख आहे, 'आइन-इ-अकबरी'त त्याचे वर्णन आहे. दख्खनेत येऊन त्याने आपले रूप घेतले. दशावतारी गंजिफ्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशेवीस. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेल्या चकत्या, त्यांवर कुंचल्याने काढलेले अवतार, वरून लाखेची झिलई. कसबात सावंतवाडीचा चितारी क्योटोच्या कारागिराला तसूभरही कमी नव्हता, हे दोन्ही पत्ते शेजारी ठेवून पाहणारा कोणीही सांगेल.

मग एकाची जगड्व्याळ कंपनी झाली आणि दुसऱ्याची कला १९७०च्या सुमाराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कारागिरांत उरली, ती का? सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारी बसवून, नवी मुले शिकवून गंजिफा वाचवला, हे त्यांचे मोठे उपकार. पण माझ्या मते फरक गिऱ्हाइकात होता. चिताऱ्याचा गिऱ्हाईक वाड्यात राहणारा, मोजका. छापील स्वस्त पत्ते आले आणि संस्थानांचे दिवस संपले, तसा तो नाहीसा झाला. फुसाजिरोने सुरुवातीपासून माल बाजारात नेला. तंबाखूच्या धंद्यातले बडे प्रस्थ मुराई यांच्याशी त्याने संधान बांधले आणि पत्त्यांच्या जोड्या सिगारेटच्या दुकानांतून जपानभर विकल्या. पत्त्याची डबी आणि सिगारेटचे पाकीट जवळपास सारख्याच आकाराचे. एकाच फळीवर दोन्ही मावत. १९०२ साली जपान सरकारने पत्त्यांवर कर बसवला, पुष्कळ छोटे कारखाने त्यात बुडाले. निन्टेंडो तगली, शिवाय त्याच सुमाराला तिने पाश्चात्य पद्धतीचे बावन्न पानांचे पत्तेही काढायला घेतले.

१९२९ मध्ये फुसाजिरो बाजूला झाला आणि जावयाने, दत्तक मुलगा होऊन, कारभार घेतला. ते साल कोल्हापूरकरांच्या लक्षात वेगळ्या कारणाने आहे. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. यांतले बहुतेक जण बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. पुढे १९२० मध्ये 'सैरंध्री' आली. रंगारी, सुतार, यंत्राची नस ओळखणारे लोक एका छपराखाली बसले की करमणुकीचा नवा धंदा कसा जन्मतो, हे कोल्हापूरने निन्टेंडोच्या कितीतरी आधी पाहिले होते.

तारखांचा पुढचा मेळ मला अस्वस्थ करतो. १९३३ मध्ये निन्टेंडो रीतसर भागीदारी कंपनी झाली. त्याच साली प्रभातने कोल्हापूर सोडून पुणे गाठले. १९५३ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये पहिल्यांदा प्लास्टिकचे पत्ते मोठ्या प्रमाणावर काढले. त्या वर्षी प्रभात बंद पडली. 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गाजवणारी कंपनी शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडल्यावर आणि १९४५ मध्ये दामले गेल्यावर सावरली नाही. पाच भागीदारांचा एकोपा हेच तिचे भांडवल होते आणि तेच संपले.

क्योटोत मात्र एकट्याचा, अत्यंत कठोर अंमल सुरू झाला होता. फुसाजिरोचा पणतू हिरोशी यामाउची १९४९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, वासेदा विद्यापीठातले शिक्षण सोडून आजोबांच्या गादीवर बसला. कारखान्यात आपल्याशिवाय घरातले दुसरे कोणी नको, ही त्याची अट होती. कामगारांनी संप केला, जुनी माणसे नाराज झाली. त्याने त्यांना काढून टाकले. या माणसाबद्दल प्रेम वाटावे असे फारसे काही नाही. पण त्याची नजर तयार होती. १९५९ मध्ये त्याने डिस्नेशी करार करून मिकी माउसचे पत्ते काढले, सोबत खेळाचे नियम समजावणारी पुस्तिका दिली आणि जुगाऱ्यांच्या हातातला पत्ता घराघरांतल्या मुलांच्या हाती नेला. वर्षभरात सहा लाख जोड्या खपल्या.

त्याआधी १९५६ मध्ये तो अमेरिकेत सिनसिनाटीला गेला होता. जगातली सर्वात मोठी पत्त्यांची कंपनी तिथे होती. तिचे कार्यालय पाहून तो हादरला, कारण ते अगदी लहान होते. जगात पहिला नंबर मिळवूनही पत्त्यांच्या धंद्यात माणूस एवढाच मोठा होतो, हे त्याला कळून चुकले.

म्हणून १९६२ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर हाती आलेला पैसा त्याने चारी दिशांना लावला. गरम पाणी ओतून खायचा झटपट भात काढला. 'दाइया' नावाची टॅक्सी कंपनी चालवली. भात लोकांना रुचला नाही. टॅक्सी बरी चालली, पण चालकांच्या संघटनांशी वेतनावरून खटके उडू लागले तेव्हा ती विकून टाकावी लागली. दरम्यान पत्त्यांचा खपही उतरला. आपल्या हाताला जे येते त्यापासून दूर गेलेला प्रत्येक धंदा या कंपनीने गमावला आहे.

आणि कंपनी वाचली ती कारखान्याच्या कोपऱ्यातल्या एका देखभालीच्या माणसामुळे.

गुनपेई योकोई १९४१ साली क्योटोत जन्मला, तिथल्याच दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकला. गुण बेताचे. मोठ्या कंपन्यांनी घेतले नाही, म्हणून १९६५ मध्ये तो निन्टेंडोत लागला. काम काय, तर हानाफुदा बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रे बिघडली तर पाहायचे, नाही तर बसायचे. बसून कंटाळा येई, म्हणून त्याने लेथवर स्वतःसाठी एक खेळणे केले: कैचीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांची जाळी, मुठी दाबल्या की ती लांब पसरते आणि टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडतो. १९६६ च्या सुमाराला यामाउची कारखान्यातून फिरत असताना त्याची नजर त्या खेळण्यावर गेली. त्याने योकोईला खोलीत बोलावले. कामाच्या वेळेत खेळ करत बसलो म्हणून आता नोकरी जाणार, असे योकोईला वाटले. यामाउचीने सांगितले, हे विकण्याजोगे कर.

'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला.

या प्रसंगावर मी थांबतो, कारण पुढचे सगळे यातून आले. यामाउची स्वतः खेळणी बनवू शकत नव्हता. तो गो या पटखेळातला पट्टीचा खेळाडू होता, पण व्हिडिओ गेम खेळण्यात त्याला रस नव्हता. मात्र कोणाच्या हातात काय आहे हे त्याला पाहता येत असे आणि तो शिपाई-साहेब असा भेद न करता त्या हाताला काम देई. योकोईला यंत्रांच्या देखभालीतून उचलून त्याने खेळण्यांच्या विभागात बसवले.

शार्प कंपनीचा मासायुकी उएमुरा प्रकाशाने चालणारे सौरघट विकायला येत असे. योकोईने त्याला विचारले, यावर खेळण्यातली बंदूक चालेल का? बंदुकीतून प्रकाशाचा झोत, निशाणीवर सौरघट. झोत लागला की निशाणी उडते. १९७० मध्ये ती बाजारात आली आणि भरपूर खपली. उएमुरा पुढे निन्टेंडोतच आला. मग यामाउचीने मोठी उडी घेतली. जपानभर बोलिंगची ओस पडलेली सभागृहे होती. तिथे भिंतीवर उडणाऱ्या मातीच्या कबुतरांची चित्रे पाडून नेमबाजी खेळवायची. १९७३ मध्ये हे सुरू झाले, गर्दी झाली, ऑर्डरी आल्या आणि त्याच शरद ऋतूत तेलाचे संकट कोसळले. ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या. कंपनी कर्जात रुतली, ते कर्ज फेडायला कितीतरी वर्षे गेली.

१९७७ मध्ये मित्सुबिशीच्या मदतीने टीव्हीवर खेळायचा टेनिससारखा साधा खेळ काढला, तो बरा चालला. खरा दिलासा मिळाला १९८० मध्ये. योकोई शिंकान्सेन गाडीने जात असताना त्याला एक नोकरदार दिसला. वेळ जात नाही म्हणून तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. योकोईच्या मनात आले, मोठ्या माणसाला लोकांच्या देखत लाज न वाटता खेळता येईल असा एवढासाच खेळ केला तर? काही दिवसांनी यामाउचीच्या गाडीचा चालक आजारी पडला आणि गाडी चालवायला योकोईला पाठवले. वाटेत काहीतरी बोलायचे म्हणून त्याने ही कल्पना सांगितली. यामाउची फारसे बोलला नाही. पण तो ज्या बैठकीला निघाला होता तिथे शार्पचे अध्यक्ष शेजारी बसले होते. शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटर-युद्धात पडद्यांचे भाव पार खाली आले होते, शार्पला नवे गिऱ्हाईक हवेच होते. आठवड्याभरात शार्पची माणसे क्योटोत हजर झाली. योकोई चकित झाला.

त्यातून 'गेम अँड वॉच' जन्मला. दहा-अकरा वर्षांत चार कोटींहून अधिक खपला, पहिल्या काही महिन्यांतच कर्जाचे ओझे हलके झाले. १९८२ च्या एका आवृत्तीत योकोईने अंगठ्याखाली चार दिशा देणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. आपल्या पोरांनी ज्या बटणावर अंगठे घासले ते हेच. आज कोणत्याही कंपनीचे नियंत्रक हातात घ्या, ते बटण कुठल्या ना कुठल्या रूपात सापडेल.

योकोईचा एक सिद्धांत होता आणि तो उद्यमनगरातल्या कोणत्याही जुन्या मेस्त्रीला पटेल. सगळ्यात नवे, सगळ्यात महाग तंत्र घेऊ नये. जे जुने झाले, स्वस्त झाले, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या, ते घ्यावे आणि ज्या कामाचा कोणी विचार केला नाही त्या कामाला लावावे. कॅल्क्युलेटरचा पडदा खेळाला, सौरघट बंदुकीला. गाडीच्या जुन्या इंजिनावर गुऱ्हाळ चालवणाऱ्या मुलखाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्याकडे याला जुगाड म्हणून हसतात. क्योटोत त्याला कंपनीचे धोरण मानले गेले.

दुसरा माणूस शिगेरू मियामोतो. क्योटोजवळच्या सोनोबे गावचा, वस्तूंच्या रचनेचे शिक्षण घेतलेला, १९७७ मध्ये वडिलांच्या ओळखीतून यामाउचीला भेटून नोकरीला लागलेला चित्रकार. १९८० मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची तीन हजार यंत्रे पाठवली. हजार विकली गेली, दोन हजार गोदामात पडून राहिली. अमेरिकेचा कारभार यामाउचीचा जावई मिनोरू अराकावा पाहत होता. त्याच यंत्रांत दुसरा खेळ बसवा, असा निरोप आला आणि मोकळा सापडला मियामोतो. योकोईच्या देखरेखीखाली त्याने एक गोष्ट रचली: माकडाने पळवलेली बाई, तिला सोडवायला चढणारा सुतार, वरून गडगडत येणारी पिंपे. प्रोग्रॅम लिहिणारे गोष्टीपासून सुरुवात करत नसत, चित्रकाराने केली. १९८१ चा 'डाँकी काँग' अमेरिकेत वणव्यासारखा पसरला. सुताराला नाव मिळाले तिथल्या गोदामाच्या मालकाचे, मारिओ सेगाले यांचे. डोक्यावर टोपी आणि नाकाखाली मिशी का, तर एवढ्याशा ठिपक्यांत केस आणि तोंड नीट काढता येत नव्हते.

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने दावा लावला की ही आमच्या किंग काँगची चोरी आहे. निन्टेंडोचे वकील जॉन कर्बी यांनी कोर्टात दाखवून दिले की किंग काँगची कथा कोणाच्याच मालकीची नाही, असे याच युनिव्हर्सलने पूर्वी दुसऱ्या खटल्यात मांडले होते. निन्टेंडो जिंकली. पुढे तिच्या एका गुबगुबीत गुलाबी पात्राला कर्बी हे नाव मिळाले.

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिकॉम' आला, किंमत १४,८०० येन. रचना उएमुराची. किंमत इतकी खाली आणण्याचा हट्ट यामाउचीचा: यंत्रात फार नफा नको, कॅसेटवर मिळेल. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. अटारीसारख्या कंपन्यांच्या काळात कोणीही कसलाही खेळ काढून विकत होते आणि गिऱ्हाईक विटला होता. म्हणून निन्टेंडोने परवानगीशिवाय कोणाचीही कॅसेट चालू नये अशी चिप अमेरिकन यंत्रात घातली. यातून दर्जा राहिला, पण खेळ बनवणाऱ्या लहान कंपन्यांच्या नाड्याही निन्टेंडोच्या हाती गेल्या आणि तिने त्या करकचून आवळल्या. हे झाकून चालणार नाही. १९८५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कपासून विक्री सुरू झाली. 'सुपर मारिओ ब्रदर्स' त्याच वर्षीचा. जगभर या यंत्राची ६ कोटी १९ लाखांच्या आसपास विक्री झाली.

आपल्याकडे जे आले ते या फॅमिकॉमचे नकली भाऊ. त्यांतली बदके टिपायची बंदूक कशी चाले, हे कोडे त्या वेळी कितीतरी मुलांना पडले असेल. बंदुकीतून टीव्हीकडे काहीच जात नाही. उलट बंदूकच टीव्हीकडे बघते. घोडा ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो, मग बदक जिथे आहे तेवढा चौकोन पांढरा होतो. नळीतल्या भिंगामागचा प्रकाशघटक तो पांढरा चौकोन दिसला की नाही एवढेच सांगतो. डोळ्याला फक्त लुकलुक जाणवते. १९७० च्या सौरघटवाल्या बंदुकीचीच ती उलटी केलेली युक्ती. जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या वेगावर ती बेतलेली असल्यामुळे आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी ठरते.

१९८९ मध्ये, कंपनीला शंभर वर्षे झाली तेव्हा, योकोईच्या विभागाने 'गेम बॉय' काढला. प्रतिस्पर्धी सेगाचे रंगीत यंत्र लवकरच आले. गेम बॉयचा पडदा मात्र हिरवट, रंग नाही, प्रकाश नाही. पण सेगाचे यंत्र सहा बॅटऱ्या बघता बघता पिऊन टाके, गेम बॉय चार बॅटऱ्यांवर कितीतरी तास चाले. शिवाय स्वस्त, दणकट, आणि अमेरिकेत त्याच्यासोबत रशियात जन्मलेला 'टेट्रिस' हा खेळ. पुढच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटी ८० लाखांहून जास्त यंत्रे खपली.

योकोईचा शेवट मात्र दुःखाचा झाला. १९९५ चे 'व्हर्च्युअल बॉय', डोळ्यांना लावून पाहायचे लाल प्रकाशाचे यंत्र, सपशेल पडले. ते पुरते तयार होण्याआधीच बाजारात ढकलले गेले होते. १९९६ मध्ये त्याने कंपनी सोडली, स्वतःची छोटी कंपनी काढली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. छप्पन्न वर्षांचा होता.

नंतरचा काळ बहुतेकांना माहीत आहे. सोनीशी भागीदारी १९९१ मध्ये मोडली आणि त्यातून प्लेस्टेशन हा प्रबळ शत्रू उभा राहिला. २००२ मध्ये यामाउचीने घराबाहेरच्या माणसाला, सातोरू इवाताला, गादीवर बसवले. तो मुळात प्रोग्रॅम लिहिणारा. त्याच्या काळात दोन पडद्यांचे 'डीएस' १५ कोटींवर आणि हात हलवून खेळायचे 'वी' १० कोटींवर गेले. दोन्ही यंत्रे ताकदीत प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती. योकोईचा सिद्धांत तो गेल्यावरही कामाला येत होता. त्यानंतरचे 'वी यू' आपटले, तेव्हा इवाताने स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. यामाउची २०१३ मध्ये आणि इवाता २०१५ मध्ये गेला. २०१७ च्या 'स्विच'ने कंपनीला पुन्हा वर काढले. क्योटोजवळ उजी इथे, जिथे पूर्वी पत्त्यांचा कारखाना होता, त्या जागी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेंडोचे संग्रहालय उघडले. तिथे येणाऱ्याला स्वतःच्या हाताने हानाफुदा करून पाहता येतो. पत्ते कंपनीने आजतागायत सोडलेले नाहीत.

महाराष्ट्रही आता नुसता खेळणारा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ २०२० मध्ये सर्वात आधी निन्टेंडोच्या स्विचवरच आला. त्यासाठी लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्या मंडळींनी काम सोडले नाही.

कोल्हापुरात काय कमी आहे? चित्र शिकवणारे कलानिकेतन आहे, दळवीज आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, धातू ओतणारे आणि कातणारे उद्यमनगर आहे, घाटाखाली सावंतवाडीचे दशावतारी पत्ते आहेत. बाबूराव मेस्त्रींनी ही सगळी कसबे एका छपराखाली आणली होती. आज ती एकमेकांना ओळखतही नाहीत. कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. कलानिकेतनच्या चार मुलांना आपल्या कारखान्याची दारे उघडी करा, त्यांना एक बाक आणि एक मेस्त्री द्या, वर्षभर हिशेब विचारू नका. आणि तुमच्या लेथवर एखादा पोरगा फावल्या वेळात खेळणे कातताना दिसला, तर त्याला केबिनमध्ये बोलवा आणि सांगा, हे विकण्याजोगे कर.